जर्मन पातं, मराठी मूठ
(खंडेनवमीच्या कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



टेबलावरची ही संगीन बघून मघाशी मुलांनी विचारलं, "आजोबा, हिने किती माणसं मारली?" बहुधा एकही नाही. जर्मन शिपाई सुट्टीत बाहेर पडताना गणवेशावर मिरवायला अशी संगीन स्वतःच्या पैशाने घेई. पात्यावर निकेलचा मुलामा, धार नाही. काही जण पात्यावर 'माझ्या सेवाकाळाची आठवण' अशा अर्थाची अक्षरं कोरून घेत. आपल्याकडे रिटायरमेंटला घड्याळ देतात ना, तसंच. ही हिटलरच्या काळातली आहे, म्हणून मी ती भिंतीवर लावत नाही, कपाटात ठेवतो.

मुठीजवळ बारीक खार दिसते बघा. ती कार्ल आइकहॉर्न कारखान्याची खूण, गाव झोलिंगन. हे गाव कित्येक शतकं पात्यांसाठीच प्रसिद्ध आहे. तिथली आणि युरोपातली इतर सरळ पाती पोर्तुगीज व अन्य व्यापाऱ्यांमार्फत आपल्याकडे येत. आपले कारागीर त्यांना इथली मूठ बसवीत आणि त्या तलवारीला म्हणत 'फिरंग'. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून 47.15 लाखांना मिळवली. तिचं पातं युरोपी बनावटीचं आणि त्यावर देवनागरीत सोन्याचा लेख. लेखातला शेवटचा शब्द 'फिरंग'.

आता मुद्द्याचं. आपल्या कर्जत-खालापूरच्या गावांत काही घरांतून जुन्या तलवारी अजून आहेत, देव्हाऱ्याशेजारी नाहीतर माळ्यावर. 2 फेब्रुवारी 1661 ला महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं ती उंबरखिंड खालापूर तालुक्यातलीच, त्यामुळे जो तो आपली तलवार उंबरखिंडीतली सांगतो. ते सिद्ध होणं कठीण. पण पात्यावर खूण असेल तर निदान ते कुठून आलं याचा माग लागतो.

आणि नेमकी तीच खूण आपण दर खंडेनवमीला घासून काढतो! चिंच, राख, हल्ली पॉलिश पेपर. खोपोलीकडच्या एका घरी मी फिरंग पाहिली. ग्राइंडरवर बफिंग करून आरशासारखी चकचकीत केलेली. मुठीखाली धावत्या लांडग्याचे दोन पाय तेवढे उरले होते. लांडगा ही पासाउ आणि झोलिंगनची जुनी खूण. बाकीचा लांडगा बफिंगमध्ये गेला. घरचे मात्र खूश. मी काय बोलणार? बँकेत आम्ही सही पुसलेला चेक घेत नसू.

पूजा जरूर करा. फक्त मऊ फडक्याने शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा, मग कोरड्या फडक्याने पुसा. पातं उघड्या हाताने धरू नका, घामातल्या मिठाने गंज चढतो. आपल्याकडच्या पावसात म्यानात तर ठेवूच नका, म्यान ओल धरतं. हळदकुंकू मुठीला लावा, पात्याला नको. भंगारवाल्याला देण्याआधी दहादा विचार करा. शंभर वर्षांवरची वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते, परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही. शस्त्र कायदाही आहे, तेव्हा पोलीस ठाण्यात चौकशी करून घ्या.

गावी कोणाच्या घरी तलवार असेल तर ती इथे आणू नका. मुठीजवळच्या पात्याचा, दोन्ही बाजूंचा, उन्हात तिरका धरून मोबाईलवर फोटो काढा आणि मला दाखवा. पण घासण्याआधी.