पोरांच्या हातात काम द्या

आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या बाया. मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चला येणारी सगळी माणसं. आमच्या महिला मंडळानं पुढाकार घेऊन चर्चमध्ये तरुण संघ सुरू केला, त्याला आता दोन वर्षं होतील. तो कसा उभा राहिला ते आज सांगणार आहोत. तुमच्या गावात देऊळ असेल, विहार असेल, मशीद असेल, पण वयात आलेल्या लेकरांची काळजी सगळ्या घरांत सारखीच असते. म्हणून हे सगळ्यांसाठीच आहे.

आधी अडचण सांगतो. मूल लहान असतं तोवर शब्बाथ शाळेत येतं. गोष्टी ऐकतं, वचनं पाठ करतं, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतं. दहावी झाली की ते मागच्या बाकावर जातं. तिथून दाराशी आणि दारातून पारावर. मुलगा निदान पारावर दिसतो. मुलगी दिसतच नाही. तिच्या लग्नाची बोलणी निघाली की मंडळीला आठवण होते, अरे, ही तर आपल्या शाळेत येत होती!

ही अडचण नवी नाही. अमेरिकेत पोर्टलंड नावाच्या गावी फ्रान्सिस क्लार्क नावाचे एक पाळक होते. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. 2 फेब्रुवारी 1881 रोजी त्यांनी तरुण मुलामुलींना आपल्या घरी बोलावलं आणि एक संघ काढला. त्याचा एक नियम फार मोलाचा होता. सभेला आलेल्या प्रत्येक सभासदानं, सगळ्यांबरोबर गाणं म्हणण्याखेरीज, स्वतः काहीतरी करायचं. वचन वाचा, प्रार्थना करा, दोन शब्द बोला, पण नुसतं बसू नका. कामाच्या समित्याही मुलांच्याच. तो संघ पुढे देशोदेशी पोचला. क्लार्क ज्या काँग्रिगेशनल पंथाचे, त्याच पंथाच्या लोकांनी चालवलेलं मिशन 1831 मध्ये नगरला आलं होतं. म्हणजे हे नातं तसं लांबचं नाही.

आम्ही तोच नियम धरला. मुलांना ऐकवायला बोलवायचं नाही, करायला बोलवायचं.

सुरुवातीला चर्चमध्ये नुसती सूचना वाचून दाखवली नाही. दोघी-दोघींनी घरोघर जाऊन मुलांनाच विचारलं. तुला काय येतं? तुला काय शिकायचंय? रविवारी तुला कधी वेळ असतो? उत्तरं वहीत लिहिली. कुणी ढोलकी वाजवतो, कुणाला मोबाईलवर फॉर्म भरता येतात, एकीला अक्षर चांगलं, एकाला सायकल दुरुस्ती येते. ती वही घेऊन आम्ही पाळकसाहेब आणि पंच कमिटीकडे गेलो. दोनच गोष्टी मागितल्या. उपासनेनंतर दीड तास हॉलची किल्ली, आणि संघाचे पदाधिकारी मुलांनी स्वतः निवडायची मोकळीक. किल्ली लगेच मिळाली. मोकळीक मिळायला तीन बैठका लागल्या. निवडीत निम्म्या जागा मुलींच्या असाव्यात, हे आम्ही आधीच ठरवून घेतलं.

सभेची वेळ मुलींकडे बघून ठरवली. संध्याकाळची सभा म्हटली की मुलगी आलीच नाही समजा. म्हणून उपासना सुटल्याबरोबर बसायचं आणि उन्हं कलायच्या आत घरी. वस्तीवरच्या मुली एकत्र येतात, एकत्र जातात.

पहिल्या महिन्यात वाद झाला तो गाण्यावरून. मुलांना गिटार हवी, वडीलधाऱ्यांना पेटी-तबला. काही घरांत तर, "गिटार आली तर आम्ही येणार नाही," इथवर गोष्ट गेली. तेव्हा एका आजीनं सगळ्यांना रेव्हरंड टिळकांची आठवण करून दिली. नारायण वामन टिळकांनी आपल्या देशी चालींत भजनं लिहिली, म्हणून तर ती खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या तोंडी बसली. आजी म्हणाल्या, "माणूस आपल्या चालीत गातो तेव्हाच मनापासून गातो. पोरांची चाल ही पोरांची." मग ठरलं, एक भजन टाळ-ढोलकीवर, एक गिटारवर. आता गिटार वाजवणारा मुलगाच आजींकडे जुन्या चाली शिकायला जातो.

सभेचा क्रम साधा आहे. भजन, वचन, त्यावर मुलांचं आपसातलं बोलणं, मग आठवड्याच्या कामाची वाटणी. काम हाच गाभा. दसरा-दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि धाकटी मुलं आजी-आजोबांपाशी राहतात. संघाची मुलं आठवड्यातून तीनदा त्यांचा अभ्यास घेतात. ती मुलं ख्रिस्ती आहेत की नाहीत, हे कुणी विचारत नाही. म्हाताऱ्या माणसांचे पगाराचे कागद भरून देणं, पाणपोईचे माठ भरणं, हेही संघाकडेच.

आता काळजीच्या गोष्टी. मुलं गोळा करायची म्हणजे त्यांची जबाबदारी घ्यायची. आमचे नियम भिंतीवर लिहिलेले आहेत. सभेला दोन मोठी माणसं, त्यात एक बाई असलीच पाहिजे. एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत घेऊन कुणीही बोलायचं नाही, मग तो कितीही मानाचा माणूस असो. सहलीला आईबापांची सही लागते. लहान मुलं आणि अठरावरची मुलं वेगवेगळी बसतात. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प बसता येत नाही. मुलांसाठीचा मदतीचा 1098 हा फोन नंबर आमच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे.

पैशाचं बचत गटासारखंच. वर्गणी दहा रुपये, नोंद वहीत, खर्चाला दोघांच्या सह्या, महिन्याला हिशेब मोठ्यानं वाचायचा. हिशेब मुलंच ठेवतात.

याचा उपयोग काय झाला? गेल्या वर्षी संघातली एक सतरा वर्षांची मुलगी दोन रविवार आली नाही. हजेरीवही ठेवणाऱ्या मुलीनं ते हेरलं आणि आम्हाला सांगितलं. आम्ही घरी गेलो तर लग्न ठरत होतं. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पुरी हवीत हा कायदा आम्ही सांगितला. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकांवर असते हेही सांगितलं. पण भांडलो नाही. बाप म्हणाला, "घरी बसवून काय करू? कॉलेजला एकटी कशी धाडू?" संघातल्या दोघी त्याच एसटीनं जात होत्या. त्यांनी सांगितलं, "काका, ती आमच्याबरोबर येईल." लग्न थांबलं. ती आता बारावीला आहे आणि रविवारी धाकट्यांचं गणित घेते. हजेरीवही नसती, तर आम्हाला थेट पत्रिकाच मिळाली असती.

मैत्रिणींनो, सगळी मुलं आली असं नाही. काही अजून पारावरच आहेत. त्यांच्या घरी आम्ही दर दोन महिन्यांनी जातो, रागवायला नव्हे, काम सांगायला. "मांडव घालायचाय, तुझ्याशिवाय जमणार नाही," असं म्हटलं की उपदेशानं न हललेला मुलगा दोर घेऊन येतो.

तुमच्या गटाला असं काही करायचं असेल तर पैसा किंवा इमारत शोधत बसू नका. एक वही घ्या, या आठवड्यात पाच घरी जा आणि मुलांना विचारा, तुला काय येतं? मग ते काम खरोखर त्यांच्यावर सोपवा.