खाण नसलेल्या खाण-कंपनीचे भागधारक

डोंबिवलीहून सकाळीं निघालेली लोकल ठाण्यास येईतों शेअरबाजाराची निम्मी बैठक डब्यांतच उरकलेली असते. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यापर्यंत आली, पुढल्या वर्षीं कल्याणास पोहोंचली, आणि मुंबईंत चाकरी करणाऱ्या पगारदाराला या बाजूस बिऱ्हाड करणें सोयीचें झालें. बाजाराची वार्ता त्याच्या कानीं रोज पडते. गांठीची शिल्लक मात्र बेताची. म्हणून ज्याचा भाव थोडका आणि आशा मोठी, असा शेअर त्याला विशेष भुरळ घालतो. सोनें शोधणारी लहान कंपनी हा त्यांतला सर्वांत मोहक प्रकार.

डेक्कन गोल्ड माइन्स ही मुंबईच्या शेअरबाजारांत नोंदलेली अशीच एक कंपनी. नांव खाणीचें, पण स्थापनेनंतर बरींच वर्षें तिच्यापाशीं चालू खाण नव्हती. जमिनींत खोल भोंकें पाडून दगडाचे नमुने काढावयाचे, आणि टनामागें किती ग्रॅम सोनें निघेल याचा अदमास बांधावयाचा, हें तिचें काम. कर्नाटकांतील हावेरी जिल्ह्यांत गणजूर येथें आशादायक साठा आढळला आणि तिनें खाणपट्ट्यासाठीं अर्ज केला.

अशा अर्जाची वाट पाहणारा भागधारक तर्कशास्त्रांत मोठा निपुण होतो. भाव चढला, तर आंतल्या मंडळींस मंजुरीची कुणकुण लागली असली पाहिजे. भाव उतरला, तर कोणीतरी मोठा असामी मुद्दाम भाव पाडून शेअर गोळा करीत असला पाहिजे. दोन्हींचा निष्कर्ष एकच: शेअर विकूं नये! जो तर्क कोणत्याही घटनेनें खोटा ठरत नाहीं, त्यापासून ज्ञान तें काय मिळणार?

आणि कोणी शंका काढलीच, तर कोलारचा दाखला तयार असतो. दाखला खरा आहे. १८८० सालीं निघालेल्या म्हैसूर कंपनीचें भांडवल कांहीं वर्षांतच संपत आलें. कंपनी गुंडाळावी असें बहुतेक भागधारकांचें मत झालें. जॉन टेलर यांनीं उरलेले सुमारें तेरा हजार पौंड खाणींतच घालण्याचा आग्रह धरला. कॅप्टन प्लमर यांनीं जुन्या खणत्या उपसून खालीं शोध चालविला आणि चँपियन नांवाची सुप्रसिद्ध शीर हातीं लागली. कोलारच्या खाणी त्यानंतर २००१ पर्यंत चालल्या. (त्याच सुमारास वायनाडच्या सोन्यासाठीं लंडनमध्यें निघालेल्या कंपन्या पार बुडाल्या; त्यांची गोष्ट डब्यांत सहसा कोणी सांगत नाहीं.)

परंतु श्रोत्यांनीं एक भेद लक्षांत घ्यावा. टेलर यांच्या भागधारकांपाशीं खणण्याचा हक्क होता. शंका होती ती दगडाविषयीं. गणजूरला सर्व उलट. दगड बराचसा तपासून झालेला, शंका होती ती हक्काविषयीं. आणि कागदाचें भवितव्य भूगर्भशास्त्रावरून वर्तवितां येत नाहीं. २०१५ च्या दुरुस्तीनें खाणपट्टे लिलावानें देण्याची पद्धत आली. ज्यांनीं आधींच रीतसर शोध केला होता, त्यांचा हक्क एका पोटकलमानें राखला गेला. पुढें २८ मार्च २०२१ पासून अंमलांत आलेल्या दुरुस्तीनें तोही संपुष्टांत आणला. शोधापायीं झालेला खर्च तेवढा परत देण्याची तरतूद केली. त्या दिवशीं गणजूरच्या भूमींतलें सोनें एका गुंजेनेंही कमी झालें नव्हतें!

लहान भागधारकाच्या तर्कांतून आणखी एक गोष्ट नेहमीं निसटते. उत्पन्न नसलेली कंपनी चालते ती नवे शेअर काढून किंवा कर्ज घेऊन. प्रत्येक नव्या शेअरागणिक जुन्याचा वांटा घटतो. ठाण्याच्या गृहस्थाचे हजार शेअर हजारच राहतात. पण लाखांतले हजार आणि दोन लाखांतले हजार यांचा हिशेब एक नव्हे. मग सोनें सांपडूनही त्याच्या पदरीं अपेक्षेच्या निम्मेंच पडतें.

गणजूरनंतर कंपनीनें आंध्रांतील जोन्नगिरीची खाण हातीं असलेल्या जिओमायसूर कंपनींत मोठा हिस्सा घेतला. मोबदला आपल्या नव्या शेअरांच्या रूपानें दिला. जोन्नगिरीचा खाणपट्टा त्यापूर्वींच मंजूर झालेला होता. म्हणून तेथें विचारावयाचे प्रश्न निराळे: दिवसाला किती टन दगड दळला जाणार, टनामागें किती ग्रॅम सोनें हातीं येणार, आणि तें येईल तेव्हां एकूण शेअर किती झालेले असणार?