शोभा आणि सोय : निवाडा कानाचा



इअरफोन ही वस्तू आज टहरौलीच्या बसथांब्यापासून मुंबईच्या लोकलपर्यंत सर्वत्र दिसते. तिचे रूप मात्र प्रथम कागदावर किंवा संगणकाच्या पडद्यावर जन्म घेते. या संकल्पचित्राला वजन नसते. त्याला घाम लागत नाही की धूळ लागत नाही. म्हणून तेथे कल्पनेला मुक्त संचार करता येतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. चित्रातील ते देखणे रूप दोन तास कानात सुखाने बसेल काय?

हा प्रश्न मराठी घराला अपरिचित नाही. १७२९ मध्ये पहिले बाजीराव महाराजा छत्रसालांच्या साहाय्यास बुंदेलखंडात आले आणि पुढे झाशीच्या परिसरात मराठी कुटुंबे स्थिरावली. मराठी स्त्रीच्या दागिन्यांत कुडी, बुगडी, झुबे आणि मोत्यांचे वेल यांना मानाचे स्थान आहे. त्यातील वेलाकडे रचनेच्या दृष्टीने पाहावे. जड झुबे कानाची पाळी ओढतात. वेल त्यांना वर केसांत अडकवतो आणि पाळीवरचा बराचसा भार केसांवर जातो. पाहणाऱ्याला तो अलंकार वाटतो. घालणारीला तो आधार असतो. कुडीच्या मागची फिरकी तर कोणाच्या नजरेसही पडत नाही, परंतु ती ढिली झाली की मोत्यांचे पाणी कितीही तेजस्वी असले तरी कुडी हरवते. शोभा आणि सोय यांचा असा मेळ अनामिक सोनारांनी कधीच साधला होता.

यंत्रयुगातही हाच क्रम दिसतो. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील नथॅनियल बाल्डविन यांनी तयार केलेले हेडफोन तेथील नौदलाने घेतले. तेव्हा संदेश स्पष्ट ऐकू येणे महत्त्वाचे होते, रूपाचा विचार गौण होता. १९७९ मध्ये सोनी कंपनीचा वॉकमन आला. त्यासोबतचे हेडफोन सुमारे ५० ग्रॅम वजनाचे होते. ऐकण्याचे साधन डोक्यावर घेऊन रस्त्याने चालता येऊ लागले, आणि ते चारचौघांत दिसू लागल्यामुळे त्याच्या रूपालाही महत्त्व आले. २०१६ मध्ये ॲपलने बिनतारी एअरपॉड्स आणले. तारेचा गुंता सुटला. पण तारेचा आधारही गेला. निसटलेला इअरफोन पूर्वी गळ्याशी लोंबकळत असे, आता तो थेट जमिनीवर पडतो. एक सोय साधताना दुसरी गैरसोय निर्माण होते, हे रचनाकाराने विसरू नये.

जुलै २०२१ मध्ये ‘नथिंग’ या लंडनच्या कंपनीने पारदर्शक आवरणाचे इअरफोन सादर केले. त्यातील प्रत्येक इअरफोनचे वजन अवघे ४.७ ग्रॅम. पारदर्शकता ही वरवर पाहता केवळ हौस. परंतु आवरणातून सारे दिसणार म्हटल्यावर आतले भागही नीटनेटके मांडावे लागतात. येथे शोभेनेच कारागिरीला शिस्त लावली.

टहरौलीच्या दृष्टीने आणखी एक कसोटी आहे. वेष्टनावर ‘आयपीएक्स४’ असे लिहिलेले असते. त्यातील चार हा आकडा पाण्याच्या शिंतोड्यांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा. ‘एक्स’ असलेली जागा धुळीच्या संरक्षणाची. तेथे आकडा नसेल तर धुळीसाठीचा दर्जा दिलेलाच नाही, असा अर्थ होतो. बुंदेलखंडात उन्हाळ्यात लू वाहते, वाऱ्याबरोबर धूळ उडते. येथील ग्राहकाने रंगाआधी ते अक्षर वाचावे.

सर्वांत गंभीर प्रश्न श्रवणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ डेसिबलला केवळ १०. इअरफोन कानात सैल बसला तर बसची घरघर आत शिरते आणि ती झाकण्यासाठी मुले आवाज वाढवतात. योग्य मापाची सिलिकॉनची टोपी असेल तर कमी आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू येतो. म्हणून नीट बसणे ही केवळ सुखसोय नव्हे, ते श्रवणाचे रक्षण आहे. अतिमोठ्या आवाजाने आतल्या कानातील सूक्ष्म केशपेशी नष्ट झाल्या, तर त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

विद्यार्थ्यांनी कार्यानुभवाच्या तासाला एक प्रयोग अवश्य करावा. इअरफोनचे मनपसंत चित्र काढावे, मग त्या आकाराचा मातीचा नमुना करून वाळवावा आणि त्याचे वजन करावे. तो कानात न घालता बाहेरून, पाळीजवळ धरून पाहावा. लहानमोठ्या दहा जणांच्या कानांशी तो ताडून पाहिला, की कोणाला तो मोठा पडतो, कोणाला टोचतो, हे ध्यानात येईल. त्यानंतर चित्र पुन्हा काढावे. हे दुसरे चित्र पहिल्याइतके चमकदार नसेलही. पण त्यात दहा माणसांचा विचार असेल. पालकांनीही खरेदीच्या वेळी मुलांना ‘छान दिसतो का?’ याबरोबरच ‘नीट बसतो का, आणि हळू आवाजात ऐकू येते का?’ हे विचारावे. या शाळेतून उद्या जे रचनाकार घडतील, त्यांच्या हातून देखण्या वस्तू तर घडाव्यातच. त्या वापरणाऱ्याला मात्र कधी जाचू नयेत.