वरून दिसणारा ढग, खाली पडणारा पाऊस



संमेलनाध्यक्षाने विज्ञानाच्या सद्यःस्थितीवर बोलावे, निधीच्या टंचाईबद्दल खंत व्यक्त करावी आणि तरुणांना चार शब्द सांगावेत, असा प्रघात आहे. तो मी आज बाजूला ठेवतो. माझी सारी नोकरी उपग्रहांच्या चित्रांतले ढग वाचण्यात गेली आणि अधिकाराने बोलता येईल असा माझ्याकडे तेवढाच विषय आहे. मेघदूताचा उल्लेख केल्याशिवाय मराठीत ढगांवरचे भाषण पुरे होत नाही. तो झाला असे समजावे.

जून लागला की आपल्या मोबाइलवर इन्सॅटची चित्रे येऊन आदळू लागतात. समुद्रावर पांढराशुभ्र गोळा, किनाऱ्यावर करडा पट्टा आणि खाली कुणीतरी ठोकून दिलेले असते, ‘आज मुसळधार!’ ते चित्र बहुधा अवरक्त किरणांचे असते. ते ढगाच्या माथ्याचे तापमान दाखवते, पाऊस दाखवत नाही. ढग जितका उंच, तितका त्याचा माथा थंड आणि तितका तो चित्रात पांढरा. पंधरा किलोमीटर उंची गाठलेल्या गडगडाटी ढगाचा माथा उणे सत्तर अंशांपर्यंत थंड असू शकतो, म्हणून तो झळाळतो. त्याच्या डोक्यावरून वाऱ्याने दूरवर पसरलेला हिमकणांचा पातळ थरही तसाच पांढरा दिसतो आणि त्याच्याखाली अनेकदा थेंबही पडत नाही.

1960 च्या 1 एप्रिलला टायरॉस-1 हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह सुटला. तो जेमतेम 78 दिवस चालला, पण ढग विस्कळीत नसतात, हजारो किलोमीटरच्या रचनांत बांधलेले असतात, हे त्याने डोळ्यांना दाखवले. मग साहजिकच प्रश्न आला, की चित्रावरून पाऊस मोजता येईल का? पुढे एक सोपे सूत्र रूढ झाले. माथा उणे 38 अंशांहून थंड असेल, तर त्या ढगाखाली ताशी तीन मिलिमीटर पाऊस धरायचा. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर, मोठ्या क्षेत्राची आणि बऱ्याच दिवसांची सरासरी काढली, तर हे सूत्र आश्चर्य वाटावे इतके चांगले चालते.

सह्याद्रीवर ते आपटते.

आंबोलीचा जुलै डोळ्यांसमोर आणा. नैर्ऋत्येचा ओला वारा समुद्रावरून येतो, घाटाला धडकतो आणि वर ढकलला जातो. त्यातून तयार होणारा ढग पुष्कळदा पाच-सहा किलोमीटरांच्या वर जातच नाही. तिथे तापमान शून्याच्या आसपास असते, म्हणजे ढगात बर्फ जवळजवळ नाहीच. थेंबावर थेंब आदळून मोठे होतात आणि कोसळतात. खाली दहा हातांवरचे दिसत नाही, पन्हळी फुटायची वेळ आलेली असते आणि अवरक्त चित्रात त्या जागी एक मामुली करडा डाग असतो. सूत्राच्या लेखी तिथला पाऊस शून्य.

यावर उतारा म्हणून सूक्ष्मतरंग आले. हे तरंग ढगाच्या आत शिरतात. आपला भास्कर-1 1979 मध्ये ‘समीर’ हे सूक्ष्मतरंग उपकरण घेऊन गेला होता. समुद्रावर ही पद्धत छान चालते, कारण या तरंगांत समुद्राचा पृष्ठभाग थंड दिसतो आणि त्यावर पावसाचे थेंब उजळून उठतात. जमीन मात्र मुळातच उजळ असते, त्यामुळे थेंब तिच्यात मिसळून जातात. जमिनीवर मग हिमकणांनी विखुरलेल्या तरंगांवर भिस्त ठेवावी लागते. आणि घाटातल्या ढगात नेमका बर्फच नसतो! ढग मालवणच्या समुद्रावर असेपर्यंत उपग्रहाला पाऊस दिसतो आणि तोच ढग किनारा ओलांडून अधिक जोरात बरसू लागला की दिसेनासा होतो. शिवाय या उपकरणांचा एकेक ठिपका कित्येक किलोमीटर रुंद. महाबळेश्वर आणि वाई एकाच ठिपक्यात आली, तर त्या सरासरीचे करायचे काय?

1997 मध्ये ट्रम उपग्रहाने अवकाशातले पहिले पर्जन्यरडार नेले आणि पावसाचा उभा छेद मिळू लागला. घाटातला पाऊस बुटक्या ढगांतून येतो, हे त्यात स्वच्छ दिसले. पण डोंगराच्या अंगावरून परतणारे तरंग सर्वांत खालच्या थरातला पाऊस झाकून टाकतात. एवढे महागडे रडारही शेवटच्या किलोमीटरभरात अडखळते.

हे सगळे मी इतके लांबण लावून सांगतो, कारण पावसाचे जे झाले, तेच हवामानबदलाच्या हिशेबातही झाले. ढग ऊन परतवतात आणि पृथ्वीची उष्णता घोंगडीसारखी अडवूनही ठेवतात. पारडे कुठे झुकते? 1984 मध्ये सोडलेल्या अर्बे प्रयोगाच्या उपग्रहाने हे मोजले. मद्रासमध्ये जन्मलेले वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ताळेबंद मांडला: दर चौरस मीटरला सुमारे 45 वॅट परत जातात, सुमारे 31 अडतात, म्हणजे ढग एकूण पृथ्वीला गारच ठेवतात. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने पडणारा भार चार वॅटच्या आसपास असतो. त्यापुढे ढगांचा हा आकडा केवढा मोठा! ढगांत थोडा फरक पडला तरी सगळे गणित हलते. भविष्यातल्या तापमानवाढीच्या अंदाजांत सर्वांत मोठी अनिश्चितता आजही ढगांचीच आहे.

उष्ण कटिबंधातल्या उंच ढगांत हे दोन परिणाम एकमेकांना जवळपास फेडून टाकतात, असे त्यानंतर मानले जाऊ लागले. 2000 मध्ये पुण्याच्या वेधशाळेतले एम. राजीवन आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जे. श्रीनिवासन यांनी मोसमी प्रदेशाच्या नोंदी वेगळ्या काढून तपासल्या. आपल्याकडे फिटंफाट होत नाही. पावसाळ्यातले उंच, दाट ढग अडवतात त्याहून बरेच जास्त परतवतात. नोंदी सर्वांसाठी खुल्या होत्या. त्यातला आपला तुकडा वेगळा पाहायची गरज वाटली, ती इथल्या माणसांना. जगाची सरासरी आपल्या ढगांना लागू पडतेच असे नाही, आणि ते तपासून पाहणे हे आपलेच काम आहे.

त्याच विचाराने भारत आणि फ्रान्सने 2011 मध्ये मेघा-ट्रॉपिक्स सोडला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त वीस अंशांचा कोन करणारी ठेवली, म्हणजे उष्ण कटिबंधावरून तो दिवसातून अनेकदा जाईल. पावसासाठीचे त्याचे मुख्य उपकरण, मद्रास, 2013 च्या सुरुवातीलाच बंद पडले. उरलेल्यांपैकी सफीर वातावरणातली बाष्पमापने पुढे कित्येक वर्षे पाठवत राहिले आणि 7 मार्च 2023 रोजी उपग्रह नियंत्रितपणे पॅसिफिकवर उतरवून जाळला गेला. वर्तमानपत्रांत तेव्हा बातमी आली ती जळण्याची. मला जास्त महत्त्वाची वाटते ती न आलेली बातमी, की त्याच कक्षेत त्याची जागा घेणारा उपग्रह आपण वेळेत सोडला नाही. हवामानबदल मोजायचा तर जुना उपग्रह चालू असतानाच नवा शेजारी हवा. दोघांची मापे ताडून पाहिली नाहीत, तर दिसणारा फरक ढगांतला की उपकरणांतला, हे कुणालाच सांगता येत नाही. इन्सॅट-3डीआर आणि 3डीएस यांमुळे भूस्थिर कक्षेतली आपली मालिका सलग राहिली आहे. ढगाच्या पोटात पाहणाऱ्या उपग्रहांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. निधीबद्दल बोलणार नाही म्हणालो होतो. एवढे वाक्य माफ करावे.

आता आपल्या हातातले. उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. चंदगडपासून इगतपुरीपर्यंत घाटमाथ्यावरच्या ज्या शाळांत आपले सभासद शिकवतात, तिथे साधा पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठला, वेधशाळेच्या वेळेलाच, त्याची नोंद व्हावी. शेजारच्या रकान्यात ढग कसा होता तेही लिहावे: डोंगराला टेकलेला, उंच, गडगडणारा की नुसता झाकोळ. नासाने आपल्या सेरेस उपकरणासाठी शाळकरी मुलांकडून अशा ढगनोंदी घेतल्या आहेत, तेव्हा हे पोरखेळ समजू नये. करड्या डागाखाली खरोखर किती मिलिमीटर पडला, याची दहा वर्षांची वही उपग्रहाची सूत्रे दुरुस्त करणाऱ्याला फार उपयोगी पडेल. सुट्टीच्या दिवशी नोंद कोण घेणार, हा प्रश्न कार्यकारिणीत आधीच निघाला आहे. त्याचे उत्तर ज्यांच्याकडे असेल, त्यांनी दुपारच्या चहाला मला गाठावे.