विश्वाचा कानोसा आणि शिवारातली माणसं



या विज्ञान साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. अध्यक्षीय भाषणात मराठी विज्ञानलेखनाचा आजवरचा आढावा घ्यायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. आज ती रीत मी बाजूला ठेवतो, कारण आपल्यापुढे एक नेमकं काम येऊन उभं राहिलं आहे आणि त्याला मुदत आहे.

नांदेडहून वसमतच्या रस्त्याने निघालं की दोनेक तासांत आपण औंढा नागनाथला पोचतो. नामदेव आणि विसोबा खेचर यांच्या भेटीचं हे गाव. त्याच्याच परिसरात, हिंगोली जिल्ह्यातल्या दुधाळा शिवारात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी तिची पायाभरणी झाली. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशा दोन वेधशाळा आहेत. त्यांच्या जोडीची तिसरी आपल्या मराठवाड्यात येते आहे.

माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे: ही वेधशाळा शास्त्रज्ञ आणि अभियंते उभारतील, पण ती नीट चालायची तर तिला जाणते शेजारी लागतील. ते जाणतेपण मराठीतून पोचवणं हे आपलं काम आहे, इथे बसलेल्या तुमचं आणि माझं.

शेजाऱ्यांचं इतकं महत्त्व का, हे कळायला आधी यंत्र समजून घेऊ. काटकोनात पसरलेल्या दोन निर्वात नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. नळीच्या टोकाशी टांगलेला ४० किलोचा आरसा. एकच लेसर किरण दुभंगून दोन्ही नळ्यांत जातो, आरशांवरून परततो आणि परतलेले दोन किरण पुन्हा एकमेकांत मिसळतात. दोन्ही बाजूंची लांबी जराही बदलली, तर त्या मिसळण्यात फरक पडतो. गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून जाते तेव्हा ती अवकाशच एका दिशेने ताणते आणि दुसऱ्या दिशेने आखडते. हा फरक किती? १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली गेली तेव्हा ४ किलोमीटरच्या बाहूत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. ती लहर निघाली होती १३० कोटी प्रकाशवर्षांवरून. तिथे सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली आणि सेकंदाच्या अंशात तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपाने बाहेर पडलं. आइन्स्टाइनने १९१६ साली कागदावर मांडलेलं भाकीत जवळजवळ शंभर वर्षांनी खरं ठरलं. २०१७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळालं ते याच कामासाठी.

तेव्हापासून या शोधांना खंड नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी १३ कोटी प्रकाशवर्षांवरचे दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली आणि तिच्यामागून अवघ्या १.७ सेकंदांत गॅमा किरणांचा झोत पोचला. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेची साथ होती, म्हणून आकाशातली जागा हेरता आली आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. नारायणगावजवळच्या खोडदची आपली जीएमआरटी त्यांत होती. सोनं आणि प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात, याचा पुरावा त्या निरीक्षणांतून मिळाला. १४ जानेवारी २०२५ ची लहर तर आजवरच्या सर्वांत स्पष्ट लहरींपैकी. विलीन होण्यापूर्वी दोन्ही कृष्णविवरांच्या पृष्ठभागांचं एकत्र क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होतं, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून कमी. विलीन झाल्यावर ते सुमारे ४ लाख झालं, म्हणजे महाराष्ट्राहून बरंच जास्त. कृष्णविवरांचं एकूण क्षेत्रफळ कधी घटत नाही, असं स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली म्हटलं होतं. त्याची इतकी भक्कम पडताळणी आधी झाली नव्हती. औंढ्याची वेधशाळा अमेरिकेपासून पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या अंगाला असल्याने लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली, हे कितीतरी नेमकेपणाने सांगता येईल.

आता शेजाऱ्यांकडे येतो. इतकी सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या यंत्राला आजूबाजूची प्रत्येक थरथर जाणवते. लिव्हिंग्स्टनला सुरुवातीच्या काळात जवळच्या जंगलातली लाकूडतोड आणि जवळून जाणाऱ्या आगगाड्या यांमुळे दिवसा निरीक्षण करणं कठीण झालं होतं. कंपन शोषणारी नवी यंत्रणा तिथे खास बसवावी लागली. हॅनफर्डला तर बाहेरच्या नळीवर जमलेलं हिम टोचणाऱ्या डोमकावळ्यांच्या चोचींचे ठोकेसुद्धा नोंदींत उमटले. समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यापासून दूरपर्यंत जमीन हलत राहते, म्हणून किनाऱ्यापासून लांब असणं हा औंढ्याचा मोठा गुण. पण खडी केंद्र, खाणीतले सुरुंग, अवजड वाहनांचे नवे रस्ते, मोठे कारखाने हे सगळं माणसांच्या हातचं आहे. उद्या ग्रामसभेत एखाद्या खडी केंद्राचा विषय येईल. तिथे हात वर करणाऱ्या माणसाला ही शांतता काय मोलाची आहे हे ठाऊक नसेल, तर दोष त्याचा नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि सांगण्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. नांदेड आणि परभणीतही लोक घराबाहेर आले. त्याच वर्षी २१ मार्चलाही असा धक्का जाणवला होता. साहजिकच लोक विचारतात, जमीन हलते तिथे हे यंत्र कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. धक्का बसला की जगातली अशी कुठलीही वेधशाळा थोडा वेळ थांबते आणि आरसे स्थिरावले की पुन्हा सुरू होते. हजारो किलोमीटरवरच्या मोठ्या भूकंपानेही अमेरिकेतल्या वेधशाळा थांबतात. यंत्राला खरा त्रास होतो तो रोजच्या, अखंड चालणाऱ्या थरथरीचा. हे उत्तर मराठीत, सोप्या भाषेत, गावात जाऊन कोण देणार?

उत्तर वेळेवर मिळालं नाही तर काय होतं, हे लातूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून माणसं उशिरा निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद, हीच घरं अंगावर कोसळली. किल्लारीचा परिसर तेव्हा देशाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. तो पट्टा २००२ साली नकाशातूनच काढून टाकण्यात आला. मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. आदल्याच वर्षी किल्लारी भागात लहान धक्के जाणवले होते, पण त्यांबद्दल गावात बोललं गेलं ते कुजबुजीच्या भाषेत. भूकंपानंतर महिनोन् महिने अफवा पिकत राहिल्या. कुणी उद्याचा दिवस सांगायचं, कुणी ज्वालामुखी येणार म्हणायचं. भरल्या थंडीत लोक उघड्यावर झोपायचे. मुलं वर्गात विचारायची आणि त्यांच्या हाती देण्याजोगं मराठी पुस्तक मला सापडत नव्हतं. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६०० मीटरहून खोल विंधण घेतलं. काळ्या पाषाणाचा थर सुमारे ३३८ मीटरवर संपतो आणि खाली प्राचीन खडक लागतो, हे त्यातून दिसलं. ते ज्ञान संशोधनपत्रिकांत गेलं. ज्या बावन्न गावांचं पुनर्वसन झालं, त्या गावांतल्या शाळांपर्यंत ते मराठीतून किती पोचलं, हा प्रश्न मी आजही स्वतःला आणि तुम्हाला विचारतो.

जमिनीची थरथर वाचण्याची ही विद्या आता पृथ्वीबाहेर गेली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरला. त्याच्यावर भूकंपमापक होता. प्रज्ञान रोव्हरच्या चालण्याची कंपनं त्याने टिपली आणि २६ ऑगस्टला नैसर्गिक वाटावं असं एक कंपनही नोंदवलं. मंगळावर इनसाइट यानाने चार वर्षांत १,३०० हून अधिक कंप नोंदवले. त्यांतला सर्वांत मोठा, ४ मे २०२२ चा, ४.७ तीव्रतेचा होता, म्हणजे हिंगोलीच्या धक्क्याहून थोडाच मोठा. या कंपांवरून मंगळाचं कवच किती जाड आणि गाभा किती मोठा, हे कळलं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला निसार हा भारत आणि अमेरिकेचा उपग्रह दर बारा दिवसांत पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन दोनदा पाहतो आणि ती काही सेंटिमीटर सरकली, खचली किंवा फुगली तरी ओळखू शकतो. मातीतल्या ओलाव्याचा अंदाजही त्यावरून येतो. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या शेतकऱ्याला या उपग्रहाशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणू नये. त्याच्या रानाची ओल आता अवकाशातून मोजली जाते आहे.

गुरुत्वीय लहरींच्या शोधात महाराष्ट्र पहिल्यापासून आहे, याचा मला अभिमान वाटतो. कृष्णविवरांची लहर गोंगाटातून कशी वेगळी काढायची, याची गणिती रीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या सुमारास घडवायला घेतली, म्हणजे पहिली लहर सापडण्याच्या पंचवीस वर्षं आधी. ज्यांनी आयुका उभारली, त्या जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवलेल्या कथेचं नाव होतं ‘कृष्णविवर’. मे २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ आपल्या भाषेत गोष्ट लिहायला बसतो, ती आपलं नाव लपवून परीक्षकांपुढे ठेवतो आणि पुढेही आयुष्यभर मराठीत लिहीत राहतो. आपल्या कामाला याहून मोठा दाखला नको.

म्हणून तीन गोष्टी मी या व्यासपीठावरून मागतो.

पहिली शिक्षकांकडे. लातूर आणि नांदेडमध्ये दरवर्षी हजारो मुलं-मुली नीट आणि जेईईच्या तयारीला येतात. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर आहे. लंबकाचा आवर्तकाल आणि प्रकाशाचं व्यतिकरण यांवरची गणितं ही मुलं पटापट सोडवतात. लायगोचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकावर टांगलेले असतात आणि सगळं मोजमाप व्यतिकरणावर चालतं. म्हणजे बारावीच्या पुस्तकातल्या दोन प्रकरणांवर हे यंत्र उभं आहे. ती दोन प्रकरणं शिकवताना एक तास औंढ्यासाठी द्या.

दुसरी लेखकांकडे. औंढा, वसमत, कळमनुरी या तालुक्यांतल्या शाळांसाठी छोट्या पुस्तिका लिहा: वेधशाळा काय करते, जमीन का हलते, घर कसं बांधावं, आवाज कशाने होतो. लिहिण्याआधी गावात जाऊन बसा, लोकांचे प्रश्न ऐका आणि त्याच प्रश्नांपासून पुस्तिका सुरू करा. ज्यांची जमीन, ज्यांचा रस्ता, ज्यांचा रोजगार यात गुंतलेला आहे, त्यांच्या शंकांना बगल देऊन लिहिलेलं कुणी वाचणार नाही.

तिसरी संस्थांकडे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं भूशास्त्र संकुल याच नांदेडात आहे. इथल्या धक्क्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी आपले निष्कर्ष मराठीत, जनतेसमोर मांडावेत आणि स्थानिक वर्तमानपत्रांनी ते नीट छापावेत. अफवेला तोड फक्त वेळेवर मिळालेल्या माहितीची असते.

वेधशाळा या दशकाच्या अखेरीस सुरू व्हावी, अशी अपेक्षा आहे. आज आठवीत असलेली औंढ्याची मुलगी तेव्हा महाविद्यालयात असेल. तिने त्या फाटकातून आत जावं ते तंत्रज्ञ म्हणून, संशोधक म्हणून, आणि तिच्या आईवडिलांना ती तिथे नेमकं काय करते हे सांगता यावं. त्यासाठी लागणारी पानं पुढच्या चार-पाच वर्षांत लिहून व्हायला हवीत. या संमेलनात त्या कामाची वाटणी करूनच आपण उठू या. पहिली पुस्तिका मी लिहायला घेतो. भूकंप आणि घरबांधणी हा तिचा विषय असेल. बाकीच्या विषयांसाठी आज दुपारच्या सत्रात नावं द्या.