शेजारच्या देशात नोकरीचा अर्ज
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मंडळाने आज आम्हां उभयतांना बोलण्यासाठी पाचारण केले, याबद्दल प्रथम कार्यकारिणीचे आभार मानतो. आम्ही वक्ते नव्हे. आयुष्यभर फळ्यापुढे उभी राहिलेली माणसे आहोत. तेव्हा बोलण्यात मास्तरकी आली तर सांभाळून घ्यावे.

कार्यकारिणीने आम्हांला जो विषय दिला तो असा : या पोलादनगरीत वाढलेल्या आपल्या मुलामुलींना पदवी घेतल्यावर शेजारच्या देशात नोकरी करावयाची झाल्यास त्यांनी अर्ज कसा करावा? आम्ही दोघांनी १९८५ पासून १९९४ पर्यंत पूर्व भूतानमधील एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकविले. एवढाच आमचा अधिकार. म्हणून इतर शेजाऱ्यांविषयी थोडे आणि भूतानविषयी अधिक बोलू.

परदेशची नोकरी म्हटली की आपल्याकडे डॉलर आणि रियाल यांचा हिशेब सुरू होतो. भूतानच्या बाबतीत तो करताच येत नाही. तेथील ङुल्ट्रम हे चलन १९७४ साली आले आणि तेव्हापासून त्याचे मूल्य आपल्या रुपयाइतकेच आहे. एक रुपया मिळवा, तो एकच रुपया राहतो. तेव्हा केवळ पैशासाठी जावे असा हा देश नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मग आम्ही का गेलो? खरे सांगावयाचे तर येथे नोकरी मिळत नव्हती. दोघांजवळ विज्ञानाची पदवी होती, बी. एड. होते, आणि नुकताच थाटलेला संसार होता. भूतानला शिक्षक हवे आहेत असे एका परिचितांकडून कळले. आम्ही बसून तीन पानी अर्ज लिहिला. हिमालयाची ओढ, बौद्ध मठांविषयीचा आदर, शांततेची आवड, सारे काही त्यात आणले. आपल्या अर्जाने वाचणारा भारावून जाईल अशी आमची खात्री होती. त्या अर्जाला उत्तरच आले नाही.

दुसरा अर्ज पुढल्या वर्षी केला. तो एका पानाचा होता. कोणत्या इयत्तेला कोणता विषय शिकवू शकतो, प्रयोगशाळा नसेल तर कोणते प्रयोग करून दाखवू शकतो, वसतिगृहात राहण्याची तयारी आहे की नाही, एवढेच त्यात होते. मुलाखतीत तेथील वयोवृद्ध अधिकाऱ्यांनी पहिल्या अर्जाची आठवण काढली आणि हसून म्हणाले, “त्यात आमचे डोंगर पुष्कळ होते. आमची मुले कोठे दिसली नाहीत.” आजवर कोणी आमच्या लेखनावर इतकी नेमकी टीका केलेली नाही.

तथापि निवड होऊनही जाणे लांबले, आणि त्याचे कारण आपल्या मराठी घरांना जवळचे आहे. आमच्यापैकी एकीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव प्रथम, मग नाव, मग वडिलांचे नाव होते. पदवीपत्रावर क्रम निराळा. आणि लग्नानंतरच्या ओळखपत्रावर आडनाव, पतीचे नाव, इतकेच काय पण स्वतःचे नावही बदललेले. भूतानमध्ये बहुतेक माणसांना आडनाव नसते, आणि स्त्रीचे नाव विवाहाने बदलत नाही. कागद पाहणाऱ्या कारकुनांना प्रामाणिकपणे वाटले की ही दोन स्त्रियांची प्रमाणपत्रे आहेत. प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला, महाविद्यालयाचे पत्र यांत चार महिने गेले. महाविद्यालयाने तर पहिल्या पत्रात तिसरेच आडनाव घातले! तेव्हा मुलींनो, आणि मुलांनोही, अर्ज लिहिण्यापूर्वी आपले सर्व कागद एका टेबलावर मांडा आणि त्यांवर एकच माणूस राहतो आहे ना, ते पाहा.

आता नियमांविषयी. नेपाळशी आपला १९५० सालचा शांतता व मैत्रीचा करार आहे. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशांत राहण्याची, मालमत्ता बाळगण्याची आणि व्यापारउदीम करण्याची समान मोकळीक मान्य केली आहे. व्हिसा लागत नाही. परंतु यावरून तेथील सरकारी नोकरी आपल्याला खुली आहे असे कोणी समजू नये; आणि डॉक्टरांना व अभियंत्यांना त्या देशाच्या परिषदेकडे नोंदणी करावीच लागते. बांगलादेश आणि श्रीलंका येथे व्हिसाही हवा आणि काम करण्याची परवानगीही हवी.

भूतानला जाण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र दाखवून प्रवेशपत्र मिळते. यामुळेच अनेकांची फसगत होते. फिरावयास जाऊ आणि तेथेच नोकरी पाहू, असे त्यांना वाटते. फिरावयास जाण्याची अनुमती म्हणजे काम करण्याची अनुमती नव्हे. कामाचा परवाना नोकरी देणाऱ्याने आधी मिळवावयाचा असतो. शिवाय २०२२ पासून भारतीय पर्यटकाला तेथे दर रात्रीसाठी १२०० रुपये शुल्क भरावे लागते. बाराशे रुपये रात्रीने राहून नोकरी शोधणे कोणत्याही बेकाराला परवडणार नाही. म्हणून आधी पत्रव्यवहार, मग नेमणूक, मग परवाना आणि शेवटी प्रवास, हा क्रम सोडू नये. जो मध्यस्थ हा क्रम उलटा करण्यास सांगेल आणि त्यासाठी पैसे मागेल, त्याला दारातूनच नमस्कार करावा.

आणखी एक गोष्ट कालगणनेची. आपल्या पदवीचे निकाल जून-जुलैत लागतात. तेथील शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असते आणि वर्ष हिवाळा सरता सरता सुरू होते. जुलैत निकाल हाती घेऊन निघालेल्याला तेथे वर्ष अर्धे संपलेले दिसते. अशा उमेदवाराने तो काळ रिकामा न घालविता येथेच एखाद्या शाळेत शिकवावे. अनुभवाचे सहा महिने अर्जात पदवीइतकेच बोलतात.

आम्ही रंगियाला आगगाडीतून उतरलो, सीमेवरच्या समद्रुप जोंगखारला पोहोचलो आणि तेथून डोंगर चढू लागलो. ट्राशीगांगपर्यंतचा हा सुमारे १८० किलोमीटरचा रस्ता आपल्याच सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने बांधलेला. १९६१ साली हा प्रकल्प आणि भूतानची पहिली पंचवार्षिक योजना यांचा एकदमच आरंभ झाला. वर्ग भरला तेव्हा समोर घो आणि किरा नेसलेली मुले. घरी ती शारचोप लोकांची भाषा बोलत, राष्ट्रभाषा म्हणून जोंगखा शिकत, आणि गणित मात्र आमच्याकडून इंग्रजीत ऐकत. आम्ही मराठी माणसे परप्रांतात राहिलेली. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी, याची सवय आम्हांला होती. या मंडळाने लहानपणी आम्हांला दिलेली ही शिदोरी तेथे उपयोगी पडली. ज्याने आपली भाषा परमुलखात जपली आहे, त्याला दुसऱ्याच्या भाषेचा मान राखणे शिकवावे लागत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. अर्ज लिहिण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : ही जागा रिकामी का आहे? आम्ही गेलो तेव्हा उत्तर सोपे होते. शिकविणारा भूतानी माणूस अजून पुरेसा तयार व्हावयाचा होता. कांगलुंगची शेरुब्त्से ही शाळा १९६८ साली सुरू झाली आणि १९८३ साली तेथे पदवीचे वर्ग सुरू झाले, तेही दिल्ली विद्यापीठाशी संलग्न राहून. त्या देशाचे स्वतःचे विद्यापीठ स्थापन झाले ते २००३ साली. मधल्या काळात आपल्या देशातून, विशेषतः केरळातून, गेलेल्या शिक्षकांनी तेथील वर्ग सांभाळले. आम्ही त्यांतलेच दोन. म्हणजे आमची नेमणूक मुळातच अशी होती की, काम चांगले झाले तर आमची गरज उरू नये.

१९९४ साली तसेच झाले. आमच्या पहिल्या तुकडीतील एक मुलगा प्रशिक्षण घेऊन त्याच शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून आला, आणि आमचा करार पुढे वाढविण्यात आला नाही. त्या दिवशी वाईट वाटले नाही असे सांगितले तर ते खोटे ठरेल. नऊ वर्षांचा संसार चार पेट्यांत भरताना मनात कडवटपणा होता. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्याच्या वर्गाबाहेर उभे राहिलो. त्रैराशिक समजावून देताना तो मध्येच इंग्रजी सोडून मुलांच्या बोलीत गेला. जे आम्हांला नऊ वर्षांत साधले नव्हते, ते त्याने दोन वाक्यांत केले. तेथे कडवटपणा सरला.

आज त्याच प्रश्नाचे उत्तर निराळे आहे. अलीकडच्या वर्षांत भूतानमधील शिकलेले तरुण, त्यांत शिक्षकही, मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जात आहेत. पूर्वी जागा रिकामी होती ती माणूस तयार व्हावयाचा होता म्हणून; आता रिकामी होते ती तयार झालेला माणूस निघून गेला म्हणून. आपल्यापैकी कोणाला अशा जागेवर जाण्याचा योग आला तर त्याने हे विसरू नये की, त्या वर्गातील मुलांनी आपले शिक्षक नुकतेच गमावले आहेत. त्यांना आणखी एक वाटसरू नको असतो. वर्षभरात दुसरीकडे बरे मिळाले की निघू, असा विचार मनात असेल तर अर्ज न केलेलाच बरा. आणि केला, तर कबूल केलेली मुदत पुरी करावी.

आमचे मूळ तीन पानी पत्र आम्ही अजून जपून ठेवले आहे. त्यात ‘आम्ही’ हा शब्द बावीस वेळा आहे. आपल्या मुलांनी अर्ज लिहून झाल्यावर तो शब्द एकदा मोजून पाहावा, एवढीच विनंती.