आकडा वर चढतो का?



चाकांवरचं घर आता आपल्याला अगदीच परकं राहिलेलं नाही. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपले आईवडीलही तिथं ‘आरव्ही’ भाड्यानं घेऊन राष्ट्रीय उद्यानं पाहून येतात. या गाडीतले दिवे, पंखा, पाण्याचा पंप चालतो तो बारा व्होल्टच्या बॅटरीवर. ती चार्ज होते आहे की नाही, हे कसं ओळखायचं, ते आज पाहू.

अशा गाडीत बॅटऱ्या दोन प्रकारच्या असतात. एक इंजिन सुरू करणारी आणि दुसरी घराची. घराच्या बॅटरीला वीज मिळते तीन वाटांनी: चालत्या इंजिनच्या आल्टरनेटरकडून, मुक्कामाच्या जागी जोडलेल्या मेन लाइनमधून आणि छतावरच्या सौर पॅनेलमधून. मेन लाइन अमेरिकेत १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. तिचे बारा-चौदा व्होल्ट करण्याचं काम गाडीतला कन्व्हर्टर किंवा चार्जर करतो. यातली एखादी वाट बंद पडली, तरी लगेच काही कळत नाही. दिवे लागतात, पंप चालतो. बॅटरीत आधी साठलेलं असतं, त्यावर सगळं निभावतं आणि तिसऱ्या रात्री अंधार होतो. म्हणून दिवा लागला यावर विसंबू नये. साधा मल्टीमीटर घ्यावा, डीसी व्होल्टवर लावावा, लाल तार बॅटरीच्या प्लसला आणि काळी मायनसला टेकवावी.

पहिलं माप घ्यायचं ते सगळं बंद ठेवून. चार्जर बंद, दिवे बंद, सौर पॅनेल सुटं. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचं माप फसवं असतं. धावत आलेल्या माणसाच्या छातीचे ठोके आपण लगेच मोजत नाही, तसंच तिलाही काही तास स्वस्थ राहू द्यावं. मग लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल, तर ती भरलेली आहे. १२.२ च्या आसपास असेल, तर निम्मी उतरली. १२ च्या खाली गेली, तर तिला वाट पाहायला लावू नये. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो.

हा आकडा कागदावर लिहा आणि मग चार्जिंग सुरू करा. चार्जिंग चालू असेल, तर आकडा लिहिलेल्यापेक्षा वर चढलाच पाहिजे. मेन लाइनवर तो साधारण १३.२ ते १४.४ च्या दरम्यान जातो. बॅटरी फार उतरलेली असेल, तर सावकाश चढतो. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५. आकडा हललाच नाही, तर वीज बॅटरीपर्यंत पोचत नाही. आणि १५ च्या वर गेला, तर तीही चांगली खूण नव्हे. बॅटरीतलं पाणी आटू लागेल.

आकडा हलला नाही म्हणून लगेच नवी बॅटरी आणू नका. आधी बॅटरीचा कट-ऑफ स्विच पाहा. तो बंद राहून गेल्यानं पुष्कळांची दिशाभूल होते. मग फ्यूज. मग टर्मिनल: पांढरा-हिरवट थर चढला असेल, तर साफ करून नट आवळा. बॉडीला जोडलेली अर्थची तारही हलवून पाहा. त्यानंतर चार्जरच्या बारा व्होल्टच्या बाजूला मीटर लावा. तिथं १३.६ आणि बॅटरीवर १२.३ दिसलं, तर चार्जर ठीक आहे, दोष मधल्या वाटेत आहे. तिथंही काही नसेल, तर चार्जरचाच विचार करायचा.

नव्या गाड्यांचं एक वेगळंच आहे. काहींचा आल्टरनेटर इंजिनची बॅटरी भरली, की आपला व्होल्टेज खाली आणतो आणि घराची बॅटरी उपाशी राहते. त्यासाठी मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात. सौर पॅनेल तपासायचं ते भर दुपारी. बॅटरी भरलेली असेल, तर करंट कमी दिसणारच. मग पंखा, दिवे लावून पाहा. करंट वाढला, तर पॅनेल काम करतं आहे.

लिथियम बॅटरीला मात्र हे हिशेब लागू पडत नाहीत. बरीच उतरली, तरी तिचा व्होल्टेज जवळजवळ तोच राहतो, म्हणून किती अँपिअर आत गेले आणि किती बाहेर आले हे मोजणारा मॉनिटर हवा. शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज होऊ नये अशीच पुष्कळशा लिथियम बॅटऱ्यांची रचना असते. तेव्हा डोंगरावरच्या पहाटे चार्जिंग थांबलं, तर तो बिघाड समजू नका.

आता सावधगिरी. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. जवळ काडी ओढू नका, हातातली अंगठी काढून ठेवा आणि पान्हा दोन्ही टर्मिनलना एकदम टेकू देऊ नका. मेन लाइनच्या बाजूचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, ते काम इलेक्ट्रिशियनचं.

आणि ही तपासणी करायची ती निघण्याच्या आदल्या आठवड्यात. फ्यूज घराजवळच्या दुकानात मिळतो. घाटमाथ्यावर मुक्काम पडल्यावर तो शोधत फिरणं अवघड.